वर कन्नड, खाली मराठी: फलकाच्या चित्रात मजकुराची उंची कशी मोजायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही धागा सापडेल. निपाणीतलं फलक आणि फ्लेक्सचं दुकान. नावांची यादी एक्सेलमध्ये येते, पायथॉनमधली पिलो लायब्ररी त्यावरून एकेका फलकाचं चित्र तयार करते, वर कन्नड आणि खाली मराठी. लिनक्सच्या मशीनवर जोडाक्षरं नीट येतात, विंडोजवर तीच फुटतात. दोन ओळी एकमेकींत घुसतात, नाहीतर वेलांटीचा माथा कापला जातो. आणि मध्यावर ठेवलेलं नाव मध्यावर दिसत नाही. यावर तुम्ही विचारलंय की फॉन्टची खरी उंची कोणतं फंक्शन सांगतं.

तसं एक फंक्शन नाही, कारण तशी एक उंचीच नाही. एकाच फॉन्टला निदान तीन उंच्या असतात, तिन्ही खऱ्या असतात आणि तिघींची कामं वेगळी असतात. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी एका कामाची उंची दुसऱ्या कामाला लावल्यामुळे आल्या आहेत. पहिली तक्रार मात्र मोजमापाची नाहीच. ती आधी मिटवा, कारण ती मिटेपर्यंत बाकीची सगळी मापं चुकीच्या आकृत्यांची असतात. (फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजीत.)

'श्री' हा शब्द साठवताना चार कोडपॉइंट (युनिकोडमधले अक्षरांचे सुटे क्रमांक) लागतात: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. पडद्यावर येताना त्यांची एखाद-दोन ग्लिफं, म्हणजे फॉन्टातल्या तयार आकृत्या, होतात. 'निपाणी'तली पहिली वेलांटी साठवणीत 'न'नंतर असते, चित्रात ती 'न'च्या आधी यावी लागते. हा फेरफार म्हणजे शेपिंग, आणि तो हार्फबझ नावाची लायब्ररी करते. पिलो हार्फबझपर्यंत रक्म नावाच्या लायब्ररीमार्फत पोचते. रक्म नसली तर पिलो 'बेसिक' मांडणीवर उतरते, म्हणजे कोडपॉइंट ज्या क्रमाने आले त्या क्रमाने एकेक आकृती ओळीत ठेवत जाते. पाय मोडलेली अक्षरं, भलत्या जागी पडलेली वेलांटी, कन्नडमध्ये खाली न जाता शेजारी उभं राहिलेलं ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं व्यंजन) ही सगळी बेसिक मांडणीची लक्षणं आहेत.

विंडोजसाठी पिपमधून जे तयार पॅकेज येतं त्यात रक्म असते, पण तिला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते आणि ती कार्यक्रम चालू होताना शोधली जाते. लिनक्सवर फ्रिबिडी बहुधा आधीच बसलेली असते, विंडोजवर नसते. तिची डीएलएल फाइल विंडोज जिथे डीएलएल शोधतो अशा फोल्डरमध्ये ठेवावी लागते. मग पिलोच्या फीचर्स मॉड्यूलमधलं चेक हे फंक्शन एकदा रक्मसाठी आणि एकदा फ्रिबिडीसाठी चालवा. दोन्हीकडे 'ट्रू' आलं तरच पुढे जा.

इथे एक युक्ती आहे आणि ती वापराच. रक्म मिळाली नाही तर पिलो थांबत नाही. फार तर एक इशारा छापते आणि फुटकी अक्षरं काढत राहते. दोनशे फलकांची गठ्ठ्याने छपाई चालू असताना तो इशारा कोण वाचणार? म्हणून मजकूर मोजताना आणि काढताना लँग्वेज हा पॅरामीटर दर वेळी द्या, मराठीसाठी 'एमआर', कन्नडसाठी 'केएन'. रक्म नसताना हा पॅरामीटर दिला की पिलो की-एरर देऊन तिथेच अडते. छापून झालेला फ्लेक्स फेकण्यापेक्षा कार्यक्रम अडलेला बरा.

भाषा देण्याचा दुसरा फायदा मराठी गिऱ्हाईक लगेच ओळखतं. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत 'ल' आणि 'श' यांची हिंदी वळणाची आणि मराठी वळणाची अशी दोन रूपं असतात, आणि भाषा मराठी आहे हे कळल्याशिवाय फॉन्ट दुसरं रूप देत नाही. सगळ्या फॉन्टांत ही सोय नसते. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला आहे. बेळगावात हिंदी 'ल' असलेला फलक खपत नाही असं नाही, पण ज्याला खटकतो त्याला फार खटकतो.

आता उंच्या. पहिली म्हणजे फॉन्ट उघडताना तुम्ही देता तो आकडा. १०० दिलं म्हणजे अक्षर १०० पिक्सेल उंच येईल असं नाही. प्रत्येक फॉन्ट एका काल्पनिक चौकोनात आखलेला असतो. त्या चौकोनाचे बहुधा १००० किंवा २०४८ भाग केलेले असतात, आणि १०० देणं म्हणजे तो चौकोन १०० पिक्सेलचा करणं. त्यातली किती जागा अक्षराने व्यापायची हे फॉन्ट काढणाऱ्याने ठरवलेलं असतं. म्हणूनच एकाच आकड्याला दोन फॉन्टांतला 'म' लहानमोठा येतो. पिलो हा आकडा पिक्सेलमध्ये घेते, पॉइंटमध्ये नाही. गिऱ्हाईक कोरल ड्रॉमधला ४० पॉइंट सांगत असेल आणि छपाई ३०० डीपीआयवर असेल तर ४० गुणिले ३०० भागिले ७२, म्हणजे साधारण १६७ पिक्सेल.

दुसरी उंची फॉन्टने स्वतःबद्दल जाहीर केलेली. गेटमेट्रिक्स ती देतं: आधाररेषेच्या (अक्षरं जिच्यावर उभी राहतात त्या रेषेच्या) वर किती (असेंट) आणि खाली किती (डिसेंट). हा आकडा तुमच्या मजकुराचा नाही, फॉन्टचा आहे. मजकूर 'बस' असो की 'सौंदत्ती', उत्तर तेच. शिवाय फॉन्टच्या आत हे आकडे तीन ठिकाणी लिहिलेले असतात: आडव्या मजकुराच्या हेडरमध्ये एक जोडी, ओएस/टू या तक्त्यात टायपो नावाची दुसरी आणि विन नावाची तिसरी. पिलोच्या पोटातली फॉन्ट वाचणारी लायब्ररी फ्रीटाइप हेडरमधली जोडी वाचते, विंडोजची अक्षरं काढणारी जुनी यंत्रणा जीडीआय विन जोडी वाचते. तिन्ही जोड्या सारख्या असतीलच असं नाही. त्यामुळे तोच फॉन्ट कोरलमध्ये एक ओळ-अंतर देतो आणि पिलोत दुसरं. यात कुणाचंच चुकलेलं नसतं, आणि दोन्ही जुळवत बसण्यात अर्थही नसतो.

तिसरी उंची शाईची, म्हणजे प्रत्यक्ष रंगलेल्या पिक्सेलांची. टेक्स्ट-बीबॉक्स ती देतं. जुन्या धड्यांत दिसणारं टेक्स्टसाइझ विसरा, पिलो १० मध्ये (२०२३) ते काढून टाकलं. टेक्स्ट-बीबॉक्सला सुरुवातीचा बिंदू शून्य-शून्य द्या आणि अँकर (मजकुराची कोणती जागा त्या बिंदूवर ठेवायची ते) 'एलएस' द्या, म्हणजे डावी कड आणि आधाररेषा. उत्तरात चार आकडे येतात. दुसरा आकडा ऋण असतो: आधाररेषेच्या वर शाई किती गेली. चौथा धन असतो: खाली किती उतरली. अँकर दिला नाही तर पिलो 'एलए' धरते, म्हणजे डावी कड आणि असेंटची रेषा. मग सगळे आकडे फॉन्टच्या जाहीर असेंटपासून मोजले जातात आणि फॉन्ट बदलला की सगळंच सरकतं. मापही आधाररेषेवरून घ्या आणि मजकूरही आधाररेषेवरच ठेवा. मजकुराचा वरचा कोपरा धरून काही ठेवू नका. एवढ्याने निम्मा गोंधळ जातो.

एक बारीक गोष्ट. टेक्स्ट-बीबॉक्सची उभी मापं शाईची असली तरी आडव्या बाजूला ते थोडी जास्तीची जागा धरू शकतं. कडेला अगदी भिडवून काही बसवायचं असेल तर काळ्या पार्श्वभूमीच्या करड्या चित्रावर तो मजकूर पांढरा काढा आणि त्या चित्राचं गेट-बीबॉक्स विचारा. ते फक्त रंगलेले पिक्सेल मोजतं. हळू आहे, पण खोटं बोलत नाही.

आता दुसरी तक्रार, ओळी एकमेकींत घुसण्याची. तुम्ही मजकुरात नवी ओळ टाकून दोन्ही ओळी एकदम काढत असाल तर कारण सरळ आहे. पिलो दोन ओळींतलं अंतर ठरवताना तुमचा मजकूर बघतच नाही. ती रोमन 'ए' अक्षर मोजते, असेंटच्या रेषेपासून त्या 'ए'च्या तळापर्यंत, आणि त्यात स्पेसिंग मिळवते, जे न सांगता ४ पिक्सेल असतं. म्हणजे आधाररेषेखालचा भाग हिशेबातच नाही. इंग्रजीत जेमतेम चालून जातं. आपल्याकडे उकार, ऋकार आणि कन्नडची ओत्तक्षरं त्याच भागात राहतात. ज्या देवनागरी किंवा कन्नड फॉन्टात रोमन अक्षरं नसतात तिथे तर 'ए'च्या जागी येणारा रिकामा चौकोन मोजला जातो, मग अंतर काय येईल ते त्या चौकोनावर.

सीमाभागातल्या फलकांवर हा घोळ सगळ्यात वाईट रूपात दिसतो, कारण कन्नड वर असते. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं व्यंजन आधाररेषेखाली जातं, तर मराठीत वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात. 'चिक्कोडी' हे एकच नाव दोन्ही लिपींत लिहा. वरच्या ओळीतल्या कन्नड 'क्को'चा खालचा 'क' खाली उतरतो आणि खालच्या ओळीतल्या मराठी 'चि'ची वेलांटी त्याच उंचीपर्यंत वर चढते. 'हुक्केरी', 'सौंदत्ती', 'संकेश्वर' यांचंही तेच. दोन ओळी इंग्रजीच्या असत्या तर जे अंतर प्रशस्त वाटलं असतं त्यात इथे टक्कर होते.

म्हणून अंतर स्वतः ठरवा आणि प्रत्येक ओळ वेगळी काढा. दोन्ही लिपींसाठी एकेक चाचणी-ओळ ठेवा, तिच्यात त्या लिपीची सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल अक्षरं असावीत. मराठीसाठी 'र्कीं', 'सौं', 'कैं', 'ऑ' ही वरची आणि 'ठ्ठू', 'ड्डू', 'हृ', 'द्धू' ही खालची. कन्नडसाठी त्या लिपीत लिहिलेले 'राष्ट्र', 'शास्त्री', 'लक्ष्मी' हे शब्द, कारण तिथे दोन-दोन ओत्तक्षरं लागतात आणि बऱ्याच फॉन्टांत ती एकाखाली एक उतरतात. या ओळी फॉन्ट आणि आकार ठरला की एकदाच मोजायच्या. समजा कन्नड फॉन्टची चाचणी-ओळ आधाररेषेखाली ४८ पिक्सेल गेली आणि मराठीची वर ११० पिक्सेल चढली. मग दोन्ही आधाररेषांमध्ये किमान १५८ हवेत. त्यावर श्वास घ्यायला मराठी आकाराच्या दहा टक्क्यांइतकी मोकळी जागा. मराठी आकार १२० असेल तर १२ धरा, एकूण १७०. (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या फॉन्टचे तुम्ही काढा.)

प्रत्येक फलकाची स्वतःची शाई मोजून अंतर आवळायचं की चाचणी-ओळीचं ठरलेलं अंतर सगळ्यांना ठेवायचं, हे कामावर अवलंबून आहे. दुकानाचा एकटा फलक असेल तर खुशाल आवळा, अक्षरं मोठी करायला जागा मिळते. पण सोसायटीच्या दारांवरच्या पाट्या किंवा शाळेच्या वर्गांची नावं असतील तर अंतर एकच ठेवा. नाहीतर शेजारच्या दोन पाट्यांवर मराठी ओळ वरखाली होते आणि ते लांबूनही दिसतं.

दोन लिपींचे आकार जुळवण्याचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तिसऱ्या तक्रारीचं मूळ थोडं त्यातही आहे. दोन्ही फॉन्टांना एकच आकडा दिला की दोन्ही ओळी सारख्या मोठ्या दिसतील ही समजूत सोडा. २०० पिक्सेलला मराठी 'म' आणि कन्नड 'ग' वेगवेगळे मोजा, आधाररेषेपासून शाईच्या माथ्यापर्यंत. मराठीत हा माथा म्हणजे शिरोरेषाच. समजा 'म' १२२ आला आणि कन्नड 'ग' १०४. मग कन्नड १६० वर असताना तेवढीच दिसणारी मराठी म्हणजे १६० गुणिले १०४ भागिले १२२, साधारण १३६. एकाच हाताने काढलेलं कुटुंब घेतलं तर हा फरक कमी असतो आणि रेषांची जाडीही जुळते. 'अनेक' या नावाच्या कुटुंबातली 'अनेक देवनागरी' आणि 'अनेक कन्नड' ही जोडी, किंवा 'बलू' आणि 'बलू तम्मा' ही जोडी चांगली आहे. विंडोजवरच्या निर्मला या फॉन्टात दोन्ही लिपी आहेत, पण फलकासाठी ते अक्षर जरा कोरडं वाटतं.

आकाराच्या बाबतीत आपल्याकडे कायदाही येतो. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी फलकावर ६० टक्के कन्नड हवी आणि ती वरच्या बाजूला हवी. बरेच जण कन्नडचा फॉन्ट ६० आणि मराठीचा ४० असं प्रमाण धरतात. त्याने ६०-४० होत नाही. आकार वाढला की अक्षर उंचीतही वाढतं आणि रुंदीतही, त्यामुळे ३ ला २ या प्रमाणात सारख्याच लांबीच्या मजकुराने व्यापलेली जागा ९ ला ४ होते, म्हणजे जवळजवळ ६९ आणि ३१. व्यापलेली जागा खरोखर ६०-४० हवी असेल तर आकारांचं प्रमाण १.२२ ला १ लागतं, अर्थात वरच्यासारखे दोन्ही फॉन्ट आधी जुळवून घेतल्यावर. सगळ्यात कमी वादाचा मार्ग म्हणजे फलकाचे पट्टेच तसे पाडणं: १२ बाय ४ इंचाची पाटी ३०० डीपीआयला ३६०० बाय १२०० पिक्सेल, त्यात वरचा ७२० चा पट्टा कन्नडला आणि खालचा ४८० चा मराठीला. मोजताना पट्टा धरतात की अक्षरं, हे तुमच्या नगरपालिकेत आधी विचारून घ्या. प्रोग्रॅममध्ये प्रमाण हा एकच आकडा ठेवा, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी तो एकच बदलावा लागेल.

आता मध्य. तुम्ही 'एमएम' अँकर वापरताय असं दिसतं. तो अँकर आडवा मध्य ठीक काढतो, पण उभा मध्य फॉन्टच्या जाहीर असेंट आणि डिसेंटचा काढतो. त्या दोन्हींत मोकळी जागा असते आणि ती वर-खाली सारखी नसते, म्हणून नाव पट्ट्यात सरकलेलं दिसतं. उपाय म्हणून बरेच जण शाईचा मध्य काढतात. एकट्या फलकाला ते चालतं. पण 'बेळगाव' आणि 'हुक्केरी' शेजारी ठेवा. दुसऱ्यात खाली उकार आहे आणि वर वेलांटी, पहिल्यात खाली काही लोंबत नाही. शाईचा मध्य साधला की दोघांच्या शिरोरेषा वेगळ्या उंचीवर जातात. मराठी वाचणारा डोळा शिरोरेषा धरतो, शाईची कड नाही.

यावर उपाय म्हणजे अक्षराच्या अंगाचा मध्य: 'म'ची उंची, आधाररेषा ते शिरोरेषा, पट्ट्याच्या बरोबर मध्यावर ठेवायची. पट्टा ४८० चा आणि 'म'ची उंची १५० असेल तर वर १६५, खाली १६५, म्हणजे आधाररेषा पट्ट्याच्या माथ्यापासून ३१५ वर. मग 'एमएस' अँकर देऊन त्या उंचीवर काढा: आडवा मध्य, उभी आधाररेषा. वेलांट्या वर जातील, उकार खाली जातील, त्यांना जाऊ द्या. फक्त चाचणी-ओळीची शाई पट्ट्याबाहेर जात नाही ना, एवढं तपासा. जात असेल तर आकार कमी करा, नाव सरकवू नका. नावांत वेलांट्याच जास्त असतील तर अंग दोन-तीन टक्के खाली घेतलं तरी चालतं, तो डोळ्याचा निर्णय.

रुंदीत बसवणं सोपं आहे, पण दोन ठिकाणी फसायला होतं. यादीतलं सगळ्यात लांब नाव लेन फंक्शनने शोधू नका. ते कोडपॉइंट मोजतं: 'श्री'ची लेन ४ येते, रुंदी जेमतेम एका अक्षराची. रुंदी देणाऱ्या टेक्स्टलेंग्थने प्रत्येक नाव मोजा. आणि अक्षरांच्या रुंद्या सुट्ट्या मोजून बेरीज करू नका. जोडाक्षर झालं की सुटी रुंदी निरर्थक असते, नेहमी अख्खी ओळ मोजायची. नाव २०० पिक्सेलला १४८० रुंद आलं आणि जागा ३३०० असेल तर २०० गुणिले ३३०० भागिले १४८०, म्हणजे ४४५. त्या आकाराला परत एकदा मोजा, कारण पूर्णांकांमुळे आणि हिंटिंगमुळे (अक्षराच्या कडा पिक्सेलांना जुळवण्यामुळे) गणित अगदी सरळ रेषेत जात नाही. जास्त आलं तर एकेक पिक्सेल कमी करत जा.

नाव फारच लांब असेल तर चित्र आडवं दाबू नका, उभ्या रेषा बारीक होऊन शिरोरेषा जाडच राहते. 'अनेक'सारख्या फॉन्टांत रुंदी कमी-जास्त करण्याचा अक्ष असतो, ७५ ते १२५. पिलोमध्ये सेट-व्हेरिएशन-बाय-ॲक्सीजने तो कमी करता येतो आणि रेषांची जाडी टिकते. आणि जागा उरली म्हणून मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. कन्नडला थोडं चालतं.

ओळ तोडायची वेळ आलीच तर फक्त मोकळ्या जागेवर तोडा. शब्दाच्या आत तोडण्यासाठी ग्राफीम-क्लस्टर (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारा कोडपॉइंटांचा गट) ओळखणारी लायब्ररी वापरायचा मोह होतो. युनिकोड १५.१ ने (२०२३) जोडाक्षर न तोडण्याचा जो नियम आणला तो देवनागरी, बंगाली, गुजराती, उडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांसाठी होता, कन्नड त्यात नव्हती. म्हणजे मराठी ओळ नीट तुटेल आणि कन्नड 'चिक्कोडी' हलन्तावर फाटेल.

फ्लेक्सवर अक्षरांना बाहेरून जाड किनार लागते, तिचं एकच पथ्य: स्ट्रोक-विड्थ काढताना जितकी देता तितकीच मोजतानाही द्या. नाहीतर किनारीच्या जाडीइतका माथा कापला जातो आणि दोष फॉन्टला दिला जातो. पिलोऐवजी कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीत मजकुराचा पाथ (बाह्यरेषा) घेऊन किनार काढत असाल तर आधी दुप्पट जाडीची किनार, मग त्यावर रंग. उलट केलंत तर शिरोरेषेच्या प्रत्येक जोडावर किनारीची उभी रेघ दिसेल.

एक्सेलमधून येणाऱ्या मॅटरकडेही बघा. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टातलं मराठी किंवा नुडीच्या जुन्या एन्कोडिंगमधलं कन्नड युनिकोड नसतं, ते रोमन अक्षरांवर आपल्या आकृत्या चढवलेलं असतं. पिलोला ते इंग्रजी कचऱ्यासारखं दिसतं. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि रफार व जोडाक्षरं माणसाने वाचून तपासा. युनिकोड मॅटरमध्ये न दिसणारी अक्षरं असतात: न तुटणारी मोकळी जागा साधी करून घ्या. 'कऱ्हाड'मधला चंद्रकोरी र दोन प्रकारे टंकलेला सापडतो, 'ऱ' आणि हलन्त असा, किंवा 'र', हलन्त आणि झीरो-विड्थ-जॉइनर असा. दुसरा प्रकार आधी पहिल्यात बदला. न दिसणारं म्हणून जॉइनर सरसकट पुसलात तर चंद्रकोर जाऊन रफार येतो. कन्नड मजकुरातला जॉइनर तर अजिबात पुसू नका, तिथेही 'र'चं रूप त्यावर ठरतं.

शेवटी पिलोच वापरायची का, हा प्रश्न उरतो. पिलो एका वेळी एकच फॉन्ट वापरते. मराठी फॉन्टात कन्नड अक्षर आलं तर ती दुसरा फॉन्ट शोधत नाही, रिकामा चौकोन काढते. एका ओळीत एकच लिपी असेल तर याने काही बिघडत नाही आणि तुमचं काम तसंच आहे. पण 'श्री'नंतर कन्नड नाव आणि मग इंग्रजी फोन नंबर अशी मिसळ एकाच ओळीत येऊ लागली तर मजकूर लिपीनुसार तोडून, प्रत्येक तुकड्याची टेक्स्टलेंग्थ मिळवत पुढचा तुकडा ठेवावा लागतो. तोडताना मोकळी जागा, दंड आणि जॉइनर आधीच्या तुकड्यातच ठेवा. हे वरचेवर लागत असेल तर कैरो आणि तिच्यासोबत मजकूर मांडणारी लायब्ररी पँगो यांच्याकडे वळा. पँगो लिपीनुसार तुकडे आणि फॉन्ट स्वतः निवडतो, शाईचा आयत आणि लॉजिकल आयत (फॉन्टच्या जाहीर उंचीचा) असे दोन्ही एकाच हाकेत देतो, आणि आधाररेषा वेगळी विचारता येते. त्याची मापं पिक्सेलच्या १०२४ व्या भागात असतात. ती भागायला विसरलात तर नाव फलकाच्या कित्येक पट बाहेर जातं, ते लगेच कळतं. लगेच न कळणारी गोष्ट दुसरी: ओळीत एखादं अक्षर बदली फॉन्टातून आलं की त्या ओळीचा लॉजिकल आयत वाढतो आणि तेवढीच ओळ खाली ढकलली जाते. म्हणून पँगोतही प्रत्येक ओळीचा वेगळा लेआउट करा आणि वर काढलेल्या अंतरानेच आधाररेषा मांडा.